मानेतली नळी
तुमचा कुणी माणूस आयसीयूत असेल, तर त्याच्या मानेवरची पारदर्शक पट्टी नीट पाहा. तिच्याखालची नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. त्वचेवरचे जंतू त्याच वाटेने रक्तात शिरतात, नळीवर चिकट थर करून राहतात. त्या थरापुढे प्रतिजैविकंही कमी पडतात.

अमेरिकेत मिशिगनमधल्या शंभराहून अधिक आयसीयूंत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी हा संसर्ग टाळण्यासाठी साधे नियम लावले: हात धुणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, निर्जंतुक गाऊन-चादर, शक्यतो जांघेत नळी न घालणं. २००६ साली निष्कर्ष छापून आले. संसर्ग सुमारे दोन तृतीयांशांनी घटला होता. पाचवा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो: गरज संपली की नळी काढायची. म्हणून डॉक्टर राउंडला आले की विचारा, "आज ही नळी लागणारच आहे का?" पट्टी ओली किंवा सुटलेली दिसली, तर हात न लावता सिस्टरना लगेच बोलवा.