कामाला मनाई, कराला नाही

नवऱ्याच्या एच-वन-बी नोकरीमागोमाग एच-फोर व्हिसावर अमेरिकेत गेलेली एखादी मराठी गृहिणी घरी पुरणपोळ्या करून विकू लागली, की तिथलं सरकार तिला दोन प्रश्न विचारतं. इमिग्रेशन खातं विचारतं, काम करायची परवानगी आहे का? करखातं विचारतं, किती सुटले? चक्रावून टाकणारी गोष्ट ही, की दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं सोयरसुतकच नाही. परवानगी नाही म्हणून कर माफ होत नाही, आणि कर भरला म्हणून परवानगी मिळत नाही.

हे आजचं नाही. १९१३च्या आयकर कायद्यात कायदेशीर धंद्याच्या उत्पन्नाची भाषा होती. १९१६मध्ये कायदेशीरपणाची ती अट काढून टाकली गेली. पुढे दारूबंदीच्या काळात सलिव्हन नावाच्या दारूविक्रेत्याने म्हणणं मांडलं, की रिटर्न भरणं म्हणजे आपल्याच तोंडाने गुन्हा कबूल करणं. सर्वोच्च न्यायालयाने १९२७मध्ये ते फेटाळलं. १९३१मध्ये अल कपोनला ११ वर्षांची शिक्षा झाली तीही करचुकवेगिरीसाठीच. पुरणपोळीवाली आणि कपोन यांना एका पंगतीला बसवणं जरा अतिच झालं, पण ते करखात्यानेच केलंय.

कर भरायचा तर क्रमांक हवा, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक साधारणपणे कामाची मुभा असलेल्यांनाच मिळतो. म्हणून १९९६मध्ये करखात्याने ‘आयटिन’ काढला. नऊ आकडी, पहिला आकडा कायम ९. नवऱ्याबरोबर एकत्र रिटर्न भरताना लागतो म्हणून कितीतरी एच-फोर गृहिणींकडे तो असतो. कसलीच कागदपत्रं नसलेले लोकही तो घेतात. त्यावर नोकरी मिळत नाही, पेन्शन मिळत नाही. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे कागदपत्रांविना राहणाऱ्यांनी २०२२मध्ये सगळे मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला.

करखात्याचा ‘रहिवासी’ कसा ठरतो, हे तर आणखी मजेशीर. ते दिवस मोजतं. यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली, आणि यंदाचे निदान ३१ दिवस भरले, की झालात रहिवासी. म्हणजे सलग तीन वर्षं दरवर्षी १२२ दिवस राहिलं तरी पुरतं. विद्यार्थ्यांसारखे काही अपवाद आहेत, पण व्हिसा संपलाय का, हे या गणितात कुठेच येत नाही.

रहिवासी ठरलं, की धंद्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो. नोकरदाराच्या पगारातून यातला निम्माच कापलेला दिसतो, उरलेला मालक भरतो. इथे मालकही आपणच. मालकाच्या वाट्याइतकी सूट म्हणून नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवरच आकारणी होते. हजार डॉलर सुटले, तर साधारण १४१ गेले. हा कर लागू होण्याची मर्यादा वर्षाला ४०० डॉलर नफा, आणि ती १९५१पासून तसूभरही हललेली नाही!

परवानगीच्या बाजूला मात्र माणसागणिक नियम. २०१५पासून काही एच-फोरधारकांना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डची वाटचाल बरीच पुढे गेली आहे अशांना, कामाचं कार्ड मिळू शकतं. ते कुठल्याही मालकाला बांधलेलं नसतं, स्वतःचा धंदाही चालतो. नवऱ्याचं एच-वन-बी मात्र मालकाला बांधलेलं. त्यामुळे ती राजरोस पोळ्यांचा धंदा करू शकते, आणि सुट्टीच्या दिवशी त्याने तिच्या धंद्यात काम केलं तर नियम मोडतो तो.

ही दोन खाती इतकी वर्षं एकमेकांच्या वाटेला गेली नाहीत, कारण वॉटरगेटनंतर, १९७६मध्ये, करदात्याची माहिती गोपनीय ठेवण्याचा कडक कायदा झाला. एप्रिल २०२५मध्ये करखात्याने इमिग्रेशनच्या बाजूला हद्दपारीचे आदेश निघालेल्या काही जणांचे पत्ते देण्याचा करार केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. माझ्या मते यात पहिलं नुकसान तिजोरीचंच आहे. रिटर्नवर लिहिलेला पत्ता धरून उद्या कुणी दारात येईल असं वाटलं, तर माणूस देश सोडायच्या कितीतरी आधी रिटर्न भरणं सोडेल.