उपग्रहाला दिसणारा धूर

२३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई-पुण्याच्या आकाशावर पांढुरकी धूसर छाया पसरली. अशा वेळी शहरातील बांधकामांकडे बोट दाखविण्याची आपल्याला सवय आहे. परंतु उपग्रहचित्रांनी निराळेच सांगितले. ही धूळ पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून अरबी समुद्रावरून आली होती. धुळीचे कण जाड असल्याने जमिनीतून निघणाऱ्या अवरक्त किरणांवर त्यांची खूण उमटते. धुराचे बारीक कण त्या किरणांना सहसा अडवीत नाहीत. या भेदावरून धूळ कोणती आणि धूर कोणता हे पुष्कळ अंशी ओळखता येते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हे. एकाच्या कृतीचा खर्च दुसऱ्याला सोसावा लागत असेल, तर तो मूळ कर्त्याच्या हिशेबात घालावा, हा विचार आर्थर पिगू यांनी १९२० साली विस्ताराने मांडला. त्यांच्या उदाहरणांत आगगाडीच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी आसपासच्या रानाचे होणारे नुकसानही होते. व्यवहारातली अडचण पुराव्याची असे. वाऱ्यावर गेलेल्या धुरावर कोणाचे नाव लिहिलेले नसते. उपग्रहाने ती अडचण दूर केली, असे आज सर्रास मानले जाते. ते कितपत खरे आहे?

पंजाबचे उदाहरण पाहावे. भातकापणीनंतर शेतात उरलेली धसकटे व पेंढा जाळण्याच्या घटना उपग्रहांवरून मोजल्या जातात. २०२३ च्या हंगामात ही संख्या ३६,६६३ होती. २०२४ मध्ये ती १०,९०९ वर आली. एवढी घट झाली म्हणून समाधान मानण्यापूर्वी मोजणी कशी होते हे समजून घेतले पाहिजे. सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या ज्या उपग्रहांवर या मोजणीची मुख्य भिस्त आहे, ते लहान आगही टिपतात. पण दिवसा ते दुपारी दीडच्या सुमारास येऊन निघून जातात. २०२४ मध्ये नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रे ताडून पाहिली, तेव्हा धुराचे लोट त्यानंतरच्या वेळी उठताना दिसले. छत्तीस हजार किलोमीटरवरचा हा उपग्रह दर दहा मिनिटांनी पाहतो, परंतु लहान आग त्याच्या नजरेतून निसटते. एक बारकाईने पाहतो पण क्षणभर, दुसरा दिवसभर पाहतो पण ढोबळपणे. तेव्हा घटलेल्या आकड्यात किती भाग आगी थांबल्याचा आणि किती वेळ बदलल्याचा, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने दंड दुप्पट केला : दोन एकरांखालील शेतकऱ्यास ५,००० रुपये, पाच एकरांवरील शेतकऱ्यास ३०,००० रुपये. ज्या मोजमापावर शिक्षा अवलंबून असते, त्या मोजमापाला चुकविण्याची वाट माणूस शोधतोच. यात शेतकऱ्याचा स्वभाव नव्हे, दंडाची रचना दोषी आहे. शिवाय उपग्रहाला आग दिसते, तिच्यामागची निकड दिसत नाही. भूजल वाचविण्यासाठी २००९ च्या कायद्याने पंजाबात भाताची लावणी पुढे ढकलली. त्यामुळे कापणी आणि गव्हाची पेरणी यांमध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. कापणीयंत्र उंच धसकटे मागे ठेवते. ती काढावयास यंत्र भाड्याने घ्यावे तर पैसा हवा, थांबावे तर पेरणी लांबते. काडेपेटी मात्र स्वस्त असते.

म्हणून दोन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली, आगींच्या संख्येबरोबर जळालेल्या क्षेत्राचाही हिशेब जाहीर व्हावा. नांगर फिरेपर्यंत काळी पडलेली जमीन कोणत्याही वेळी दिसू शकते. दुसरी, उपग्रहचित्रांचा उपयोग केवळ दंडाची पावती फाडण्यासाठी न होता, कोणत्या गावी यंत्रे वेळेवर पोहोचली नाहीत हे शोधण्यासाठी व्हावा. २०१८ पासून यंत्रांसाठी अनुदान आहे. पण यंत्र विकत घेणे आणि ते पंधरा दिवसांत प्रत्येक शेतावर फिरणे यांत अंतर आहे. ज्या शहरांना स्वच्छ हवा हवी, त्यांनी त्या भाड्याचा काही भार उचलणे न्याय्यच ठरेल.

धूर कोठून आला हे आकाशातून कळते. तो न निघावा याची किंमत कोणी मोजावयाची, हा निर्णय मात्र जमिनीवरच करावा लागेल.