तास कमी, काम तेवढंच
तास कमी करा म्हटल्यानं काम कमी होतं का, हे आज आपण अमेरिकेच्या सरकारी टपाल खात्यात पाहू. तिथले पोस्टमन गाडीनं टपाल अन् पार्सलं वाटतात. आठ तासांवर गेलं की दीडपट पगार. साहजिकच साहेबांचा डोळा त्या जादा वेळेवर.

सकाळी ‘डॉइस’ ही संगणक प्रणाली टपालाच्या मापावरून आज किती वेळ लागेल ते सांगते. खणांत टपाल लावायचा वेगही ठरलेला आहे, मिनिटाला 18 पत्रं किंवा 8 मोठी पाकिटं. पण बर्फ, जिने, सुटलेला कुत्रा मापायचा कशानं?

खरी मेख पुढेच आहे. दटावणीनं माणूस जेवणाची सुट्टी सोडतो, धावतपळत वेळेत परततो. तीच वेळ कागदावर चढते; दुसऱ्या दिवशी साहेब म्हणतो, काल जमलं ना! फुकट राबून आपणच त्या आकड्याला साक्ष देतो.

म्हणून 3996 क्रमांकाचा अर्ज आहे. निघण्यापूर्वी जादा वेळ किंवा मदत लेखी मागायची. डॉइसचा अंदाज हा परतीच्या वेळेचा एकमेव आधार नाही, हे खात्यानं 2007 साली संघटनेशी केलेल्या समझोत्यात मान्य केलंय. अर्ज नामंजूर झाला तरी प्रत मागून ठेवायची. पुढे तक्रार लढवताना तोच कागद कामी येतो.