जुने स्वयंपाकघर मोडण्यापूर्वी

जुने घर नवे करावयाचे म्हटले की पहिला घाव स्वयंपाकघरावर पडतो. कॅलिफोर्नियातील जोसेफ आयक्लर यांच्या घरांचेच पाहा. १९४९ नंतरच्या अडीच दशकांत त्यांनी मध्यमवर्गीयांसाठी सुमारे ११,००० घरे बांधली. उघड्या तुळया, मोठमोठ्या काचा, लाकडी तक्त्यांच्या भिंती, सरकत्या दारांची कपाटे! आज घराचा मालक बदलला की पुष्कळदा ही कपाटे उखडली जातात.

आमचे म्हणणे असे की, आधी लाकूड ओळखावे. अशी दारे पुष्कळदा अखंड लाकडाची नसतात. प्लायवूडवर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा चांगल्या लाकडाचा पापुद्रा असतो. यंत्राने घासले की तोच निघून जातो. म्हणून प्रथम सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावे. मग आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून पाहावा. पॉलिश चिकट झाले तर ते बहुधा लाखेचे. त्यावर लाखेचाच नवा हात देता येतो.

दुसरी गोष्ट मजुराची. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली. आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ साली लागू झाली. तेथील जुन्या नऊ इंची फरश्यांत तर अॅस्बेस्टॉसही आढळते. तपासणीविना पहार घातली तर ती धूळ मालकाच्या आधी मजुराच्या छातीत जाते, आणि अॅस्बेस्टॉसचा रोग दिसतो वीस-तीस वर्षांनी. तेव्हा कंत्राटदाराला कोठे शोधावे? तपासणीचा खर्च घराच्या खर्चातच धरावा. आणि जे टिकले आहे ते राखावे. त्यात पैसा वाचतो, माणूसही वाचतो.