१ जूनला जन्मलेली माणसं

मराठवाड्यातून पिंपरी-चिंचवडला आलेल्या कामगारांच्या कागदांवर एक तारीख सारखी भेटते: १ जून. शाळेत नाव घालताना आईवडिलांना जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी साल अंदाजाने धरत आणि तारीख १ जून लिहून टाकत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच पक्की होते. पुढे आधार काढताना माणूस नुसतं वय सांगतो, आणि तिथे पुष्कळदा १ जानेवारीची नोंद होते. मग एखाद्या शॉपमध्ये, म्हणजे लहान वर्कशॉपमध्ये, नोकरी लागते, टाइम ऑफिसमधला पोरगा दाखला बघून पीएफचा फॉर्म भरतो. पंधरा वर्षांनी हाच माणूस मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला जातो, तेव्हा मोबाईलवर उत्तर येतं: क्लेम नामंजूर, जन्मतारीख जुळत नाही.

मी एका मोठ्या कारखान्याच्या एचआर विभागात नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी भोसरीत एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत टेबल टाकून बसते. लहान शॉपचं पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) यांचं काम आणि कामगारांचे अडकलेले क्लेम, एवढंच तिथे करते. त्यातून पैसे मिळतात, घराच्या हप्त्याला हातभार लागावा इतके नियमित. एचआरमधली तरुण मुलंमुली जोडकामाबद्दल विचारतात, तेव्हा रेझ्युमे लिहून देणं, इंटरव्ह्यूची तयारी करून घेणं, कॉलेजात तास घेणं हीच नावं त्यांच्या तोंडी असतात. ती कामं वाईट नाहीत. पण आपण दिवसभर कंपनीसाठी जे करतो त्याची सगळ्यांत जास्त गरज जिथे एचआर विभागच नाही तिथे आहे, आणि तिकडे आपल्यापैकी फार थोडे जण वळतात.

येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, घडीवर विरलेला शाळेचा दाखला, कधी बंद पडलेल्या कंपनीचं ओळखपत्र. मी आधी कागद बघत नाही, फोन बघते. आधारला जोडलेला नंबर चालू आहे का, हा पहिला प्रश्न. कारण पोर्टलवरचं प्रत्येक पाऊल ओटीपीवर चालतं, आणि तो ओटीपी कितीतरी जणांच्या बाबतीत सहा-सात वर्षांपूर्वी फेकून दिलेल्या सिमवर जात असतो. तसं असेल तर त्या दिवशी दुसरं काही करता येत नाही. आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या, मग या, असं सांगावं लागतं. धाराशिवकडचे एक काका यावर खूप चिडले होते. "ताई, पैसे माझेच हायत ना?" त्यांचं चिडणं रास्त होतं. पैसे त्यांचेच होते.

नंबर चालू असला की पीएफचं पासबुक उघडायचं. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला बारा आकडी यूएएन मिळाला. एका माणसाचा एकच नंबर, नोकरी बदलली तरी तोच, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात दोन-दोन यूएएन असलेली माणसं येतात, कारण नव्या ठेकेदाराने जुना नंबर विचारलाच नाही, सरळ नवा काढला. नंबर एकच असला तरी त्याखाली चार कंपन्यांची चार खाती, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. कधी ती असते पण चुकीची. माणूस १० तारखेला सोडून गेलेला, नोंद महिनाअखेरची, आणि नवी नोकरी १५ तारखेपासून. म्हणजे नोंदीप्रमाणे तो एकाच वेळी दोन कंपन्यांत कामाला होता, आणि २०२५ पर्यंत तेवढ्यावरून पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जाणं थांबायचं.

हे सगळं दुरुस्त करायचा रस्ता म्हणजे जॉइंट डिक्लरेशन. सभासदाने पोर्टलवर अर्ज करायचा, पुरावा जोडायचा, मालकाने तो मंजूर करायचा आणि मग पीएफ कार्यालयाने. जानेवारी २०२५ मध्ये यात चांगली सूट आली. १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा यूएएन असेल आणि आधार पडताळलेलं असेल, तर नाव, जन्मतारीख यांसारख्या बऱ्याच नोंदी सभासद स्वतः बदलू शकतो, मालकाची सही लागत नाही. पण माझ्या टेबलाशी येणारे बहुतेक त्याआधीचे असतात. त्यांना जुना मालक शोधावा लागतो. तो चाकणला गेलेला असतो, धंदा मुलाकडे देऊन गावी बसलेला असतो, किंवा शॉपच्या जागी आता गोदाम असतं. कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या व्यक्तीची सही-शिक्का घेऊन कागद आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात न्यावे लागतात. दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास 'निधी आपके निकट' नावाने तक्रारींचा दिवस भरतो. तिथे अधिकारी समोर बसून ऐकून घेतात, म्हणून अवघड प्रकरणं मी तिकडेच पाठवते. बरोबर एका पानाचा तक्ता देते: कुठल्या कागदावर काय लिहिलंय, काय व्हायला हवं, पुरावा कोणता. दिवसभर मेल लिहून हात बसलेल्या एचआरच्या माणसाला असा तक्ता करायला फार वेळ लागत नाही. कामगाराचा मात्र एक खाडा वाचतो.

पासबुक उघडलं की मी ते वाचूनही दाखवते. पीएफसाठी धरलेला पगार १५,००० असेल तर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकही १,८०० भरतो, पण त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० पीएफमध्ये. पासबुकातला तिसरा रकाना पेन्शनचा आहे, हे पंधरा-पंधरा वर्षं कापून घेतलेल्या माणसालाही कुणी सांगितलेलं नसतं. नोकरी सोडली की सगळं काढून घ्यायचं, हा शॉपमधला रिवाज. पेन्शनचे पैसे काढले की ती सेवाही मोजणीतून जाते. पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते. तीन कंपन्यांत चार-चार वर्षं काम केलेला माणूस प्रत्येक वेळी पैसे काढत गेला, तर बारा वर्षं राबूनही त्याची सेवा शून्य. तेच पैसे ट्रान्सफर केले असते तर पेन्शन बसली असती. म्हणून क्लेम भरून घ्यायला आलेल्या कित्येकांना मी आधी विचारते, "गरज किती आहे, आणि कधी?" काही जण ट्रान्सफर करून परत जातात. क्लेमपेक्षा ट्रान्सफर करून दिल्याचं समाधान मला जास्त वाटतं.

या कामातले खरे पैसे मात्र मालकाच्या बाजूला आहेत. भोसरी, तळवडे, कुदळवाडीकडच्या लहान शॉपमध्ये मालक स्वतः मशिनवर उभा असतो, बायको बिलं बघते, आणि पगारपत्रक एका वहीत. "आमचे अठराच आहेत, पीएफचा वीस माणसांचा नियम आम्हाला लागत नाही," हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय. मग मोजायला बसलं की ठेकेदाराकडून आलेले चार हेल्पर आणि झाडलोटीची मावशी धरून आकडा तेवीस होतो. पीएफ एकदा लागू झाला की माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही, हेही तेव्हाच सांगून ठेवावं लागतं. ईएसआय तर दहा माणसांवरच येतो. २१,००० पर्यंतच्या पगाराला कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. म्हणजे १८,००० पगारावर १३५ आणि ५८५ रुपये. पॉवर प्रेसवर एखाद्याचं बोट गेलं, तर चिंचवडच्या मोहननगरच्या रुग्णालयात उपचार होतात आणि कामावर येता येत नाही तितके दिवस सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. प्रेस शॉपच्या मालकाला हा हिशेब मांडून दाखवला की तो नोंदणीला तयार होतो. बोट जाणं म्हणजे काय, ते त्याने जवळून पाहिलेलं असतं.

पुढचं काम महिन्याच्या तारखांवर चालतं. हजेरी आली की पगारपत्रक, त्यावरून ईसीआर म्हणजे पीएफचं मासिक विवरण, आणि १५ तारखेच्या आत चलन. तारीख चुकली तर १२ टक्के दराने व्याज आणि वर दंडाची रक्कम. मालकाला जास्त झोंबते ती दुसरी गोष्ट. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम मुदतीत भरली नाही, तर प्राप्तिकराच्या हिशेबात तिची वजावट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हे पक्कं केलं. वीस-पंचवीस माणसांच्या शॉपसाठी मी महिन्याला अडीच-तीन हजार घेते. अशी पाच-सहा शॉप धरली की रक्कम ठीक होते. त्याहून जास्त मी घेत नाही, कारण नोकरी सांभाळून १० ते १५ तारखेच्या पट्ट्यात त्यापुढचं काम चोख होणार नाही.

कामगाराकडून दुरुस्तीचे दोनशे रुपये घेते, तेही काम झाल्यावर. आलेल्या पैशावर टक्केवारी घेणारे एजंट या भागात आहेत. ते लॉगिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवतात, मोबाईल नंबरही स्वतःचा टाकतात, आणि मग कामगार आपल्याच खात्याला मुकतो. पोर्टलवर क्लेम भरायला एक रुपयाही लागत नाही. मी पासवर्ड कामगारालाच टाकायला लावते आणि त्याच्या मुलाकडून फोनवर पासबुक उघडून घेते, म्हणजे पुढच्या वेळी तो माझ्याकडे यायला नको.

एका प्रकरणात पैसे घेण्याचा विचारही मनात आला नाही. सोलापूरकडची एक बाई दिराबरोबर आली होती. नवरा एका शॉपमध्ये कामाला असतानाच हार्ट अटॅकने गेला. शॉपने उरलेला पगार दिला आणि विषय संपवला. माणूस नोकरीत असताना गेला तर पीएफशिवाय विम्याची रक्कम मिळते, ती जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत असते, आणि पत्नीला पेन्शन सुरू होते, त्यासाठी दहा वर्षांची अट नाही. यातलं काहीच तिला कुणी सांगितलं नव्हतं. नॉमिनी म्हणून नवऱ्याने लग्नाआधी आईचं नाव दिलेलं. बायकोचं नाव आधारवर 'बाई' लावून, बँकेत 'बाई'शिवाय, आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. लग्नानंतर कुटुंब झालं की आधीचं नॉमिनेशन टिकत नाही, हा नियम तिच्या बाजूने होता. पण तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला विवाहाची नोंद, प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला असं एकेक उभं करावं लागलं. पेन्शन सुरू झाल्यावर तिने फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, मुलांचं वेगळं मिळतं का. मिळतं, पंचवीस वर्षांपर्यंत, एका वेळी दोघांना. त्याचेही कागद मग जोडले.

हे काम करू पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी निकालात काढाव्यात. नेमणूक पत्रात पूर्णवेळ सेवेची अट असतेच, तेव्हा कंपनीची लेखी परवानगी घ्यावी, तोंडी होकारावर राहू नये. आणि आपल्या कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचं काम कधीही धरू नये. दिवसा त्याच ठेकेदाराची पीएफची चलनं आपणच तपासतो. फी घेऊन भरलेली चलनं आपणच तपासणं हा सरळसरळ गैरव्यवहार आहे. नोकरी लावून देतो म्हणून उमेदवाराकडून पैसे घेणं तर विचारातही आणू नये.

मला विचाराल तर आणखी एक काम एचआरच्या अनुभवी बायकांनी जरूर करावं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि तिच्यात बाहेरची एक सदस्य हवी. नियमांत स्वयंसेवी संस्थेतून आलेल्या सदस्येला दिवसाला दोनशे रुपये भत्ता आणि प्रवासखर्च एवढंच आहे. कंपन्या स्वखुशीने जास्त देतात. पण चौकशी ९० दिवसांत पुरी करायची, दोन्ही बाजूंचं नीट ऐकायचं आणि एक शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे पैशासाठी करण्याचं काम नाही. ज्यांना चौकशीचं टिपण काटेकोर लिहिता येतं, त्यांची तिथे फार गरज आहे.

एचआरमधल्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. आपल्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन, कँटीनमधली मावशी, हाउसकीपिंगची मुलं ठेकेदाराकडची असतील, तरी या महिन्यात त्यांची पासबुकं एकदा उघडून बघा. जन्मतारीख, नाव, नॉमिनी, एवढं तपासा. बाहेर हे काम उत्पन्नासाठी करणार असाल तर फी मुख्यतः मालकाकडून घ्या, आणि कामगाराच्या पीएफमधला टक्का मागू नका.