पळसदरीची पाटी आणि बँकेचा मेसेज

इंग्रजीवर बोला, असं तुमच्यापैकी बऱ्याचजणी सांगत होत्या. आम्ही टाळत होतो, कारण आम्हीही काही इंग्रजीच्या मास्तरणी नाही. पण मे महिन्याच्या शेवटी एक गोष्ट घडली आणि मग टाळणं बरं दिसेना.

पावसाच्या तोंडावर लाकूडफाटा भरायची घाई चालली होती. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. सगळा इंग्रजीत. त्यातला आकडा तेवढा कळला, 436. ताईंना वाटलं, कसलं तरी अनुदान जमा झालं. त्या भरवशावर त्यांनी छपरावर टाकायला प्लास्टिकचा कागद उधारीवर आणला. आठवड्याने पैसे काढायला गेल्या, तर 436 रुपये आले नव्हते, गेले होते. कुणीतरी लुबाडलं म्हणून रडत परत आल्या. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर बँकेत गेल्या, तेव्हा उलगडा झाला. तो पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता होता. खातं उघडताना कधीतरी फॉर्मवर सही केली होती. विमा 2 लाखांचा आहे. मेअखेरीला हप्ता कापतात आणि 1 जूनपासून वर्षभर विमा चालतो. अपघात विम्याचा हप्ता वेगळा, वर्षाला 20 रुपये.

पैसे काही बुडाले नाहीत. पण विचार करा, विमा आहे हे ताईंनाच ठाऊक नाही, तर उद्या त्यांचं बरंवाईट झाल्यावर घरच्यांना कसं ठाऊक असणार? दावा कोण करणार? दोन लाख रुपये एका शब्दापाशी अडले होते. तो शब्द डेबिटेड.

म्हणून आज फक्त वाचायच्या इंग्रजीबद्दल बोलू. बोलायचं इंग्रजी नंतर बघू. फाडफाड बोलता आलं नाही म्हणून कुणाचं दोन लाखांचं नुकसान होत नाही.

आता म्हणाल, आम्हाला ए-बी-सी-डीच धड येत नाही. आमच्या वयाच्या बायकांना इंग्रजी पाचवीत भेटलं, आणि पुष्कळजणींची शाळा तिथेच सुटली. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. पण कान बघा तुमचे. तिकीट, सिग्नल, पास, रिचार्ज, बॅलन्स, फॉर्म, लोन, टॅब्लेट, एक्सपायरी. शेकडो शब्द तुमच्या कानात बसलेत. कानातला शब्द आणि कागदावरचा शब्द एकच आहे, ही ओळख तेवढी व्हायची राहिली आहे.

ती ओळख करून घ्यायला आपल्याकडे फुकटची शाळा आहे. कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसा. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर तेच नाव आपल्या अक्षरांतही असतं आणि इंग्रजीतही. नाव तोंडपाठ असल्यामुळे अक्षरं आपोआप उलगडतात. पळसदरीच्या पाटीवर 'द' साठी डी हे अक्षर आहे. पुढे डोळवलीला 'ड' साठीही तेच डी! केळवलीत एल हे अक्षर दोनदा येतं, पहिल्यांदा 'ळ' म्हणून आणि दुसऱ्यांदा 'ल' म्हणून, कारण इंग्रजीत ळ नाहीच. खोपोलीच्या शेवटी 'ली' साठी आय लावलाय, आणि लौजीच्या शेवटी 'जी' साठी दोन ई. ऐकायला तीच ई, लिहायला निराळी. मराठीत जसं लिहू तसं वाचतो. इंग्रजीत तसं नाही, आणि हा काही तुमच्या डोक्याचा दोष नाही. पावतीला रिसीट म्हणतात ना, त्या शब्दात मध्ये एक पी लिहितात आणि तो बोलतच नाही! त्यामुळे अक्षर अक्षर जुळवत बसू नका. माणसाचा चेहरा ओळखतो तसा अख्खा शब्द ओळखायचा.

बँकेच्या मेसेजकडे या. त्यात पंधरावीस शब्द असले तरी आधी तीनच गोष्टी शोधायच्या: रक्कम किती, आली की गेली, आणि शिल्लक किती. बाकीचं कळलं नाही तर सोडून पुढे जायचं. शिकलेली माणसंही असंच वाचतात. क्रेडिटेड आणि डेबिटेड हे शब्द शेवटाकडून अगदी जुळ्या बहिणींसारखे दिसतात, म्हणून पहिलं अक्षर बघा. डी असेल तर दिले, सी असेल तर कमावले. आमच्या गटात हे आता लहान पोरीसुद्धा म्हणतात. पासबुकातही डी-आर आणि सी-आर म्हणजे तेच. आणि क्रेडिटेड दिसलं म्हणून लगेच हुरळू नका. खोटे मेसेज पाठवून 'चुकून आले, परत करा' म्हणणारे भामटे आहेत. खात्यातली शिल्लक स्वतः बघितल्याशिवाय रुपयाही पाठवायचा नाही.

शब्द वाढवायचे तर सुटे सुटे पाठ करू नका, कुटुंबासकट घ्या. पे म्हणजे पैसे देणं. पेड म्हणजे भरले. मराठीत 'अ' लावून पुऱ्याचं अपुरं होतं, तसं इंग्रजीत पुढे 'अन' लागतं. अनपेड म्हणजे न भरलेलं. 'री' म्हणजे बहुतेकदा परत किंवा पुन्हा: रिटर्न तिकीट, रिचार्ज. मग कर्जाच्या कागदावरचं रिपेमेंट काय असेल? परतफेड! हे कोडं आमच्या बैठकीत कर्जतकडच्या वाडीवरच्या एका कातकरी बाईने सगळ्यांत आधी सोडवलं. ती म्हणाली, "आमच्या घरात आमची बोली. मराठी शाळेत जाऊनच शिकले. एक परकी भाषा एकदा शिकलेच की." आम्ही ऐकतच राहिलो.

'एक्स' ने सुरू होणारे काही शब्द बाहेरचे असतात. द्रुतगती मार्गावर खालापूरजवळ एक्झिटची पाटी असते, म्हणजे बाहेर पडायची वाट. औषधाच्या बाटलीवर एक्स्टर्नल हा शब्द असेल, तर ते औषध बाहेरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही. हा एक शब्द घरातल्या प्रत्येकीला यायलाच हवा.

पण सगळ्याच नियमांवर भरवसा ठेवू नका. इनकरेक्ट म्हणजे चूक, इनकम्प्लीट म्हणजे अपुरं, म्हणजे पुढे 'इन' आलं की नकार, असं आपण धरून चालतो. खोपोलीच्या रस्त्याने जाणाऱ्या टँकरवर इनफ्लेमेबल लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पेट न घेणारं असा नाही, चटकन पेट घेणारं असा आहे! कारखान्यात कामाला जाणाऱ्या मुलींनो, हा शब्द पिंपावर दिसला की विडी-काडी, शेगडी दूर.

डॉक्टरच्या चिठ्ठीवरची अक्षरं तर मुळात इंग्रजीही नाहीत, लॅटिन आहेत. ओ-डी म्हणजे दिवसातून एकदा, बी-डी दोनदा, टी-डी-एस तीनदा, एस-ओ-एस म्हणजे गरज लागली तरच. बँकेत मात्र टी-डी-एस म्हणजे कापून घेतलेला कर. शब्द कुठे बसलाय ते बघूनच अर्थ लावायचा. अक्षर लागलं नाही, तर अंदाज न करता औषधवाल्याला विचारायचं.

घरात टोमणे मिळतील. "आता काय कलेक्टर व्हायचंय?" आमच्यातल्या निम्म्याजणींनी हे ऐकलंय. रमाबाई रानडे 1873 साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना लिहायला-वाचायला येत नव्हतं. आधी मराठी शिकल्या, मग इंग्रजी, आणि घरातल्या बायकांनी त्यांना त्यापायी किती छळलं ते त्यांनी 1910 साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं. न्यायमूर्तींच्या घरात ही गत, तर आपलं काय!

आम्ही काय करतो ते सांगतो. बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक कागद आणायचा: गोळ्यांचं रिकामं पाकीट, खताच्या गोणीवरची चिठ्ठी, विजेचं बिल. वेष्टन वहीत चिकटवायचं, त्याशेजारी शब्द, त्याचा मराठी उच्चार आणि अर्थ. एका बैठकीत पाच शब्द, जास्त नाही. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना आठवून बघायचे, मग आठवड्याने, मग महिन्याने. विसरलात तर लाजू नका, पुन्हा पान उघडा. अडलं तर पोरांना विचारा. आईला शिकवताना त्यांचाही अभ्यास होतो.

त्या ताईंच्या वहीत पहिल्या पानावर तो 436 रुपयांचा मेसेज अक्षर अक्षर उतरवलेला आहे. वारसदाराचं नाव बँकेत बरोबर लागलंय का, तेही त्यांनी बघून घेतलं. तुमच्या खात्यातून मेअखेरीला काय कापलं गेलं, ते पासबुक भरून आणा. पुढच्या मंगळवारी तेच वाचू.