केमोचं सलाईन संपलं, तरी काळजी संपत नाही

गेल्या उन्हाळ्यात कळमन्याच्या बाजारात हमाली करणारे एक गृहस्थ आमच्याकडे भरती झाले. वय ४६. वीस वर्षांच्या खऱ्याने जबड्याचा कॅन्सर झालेला. ऑपरेशन होऊन शेक आणि सोबत ‘केमो’ सुरू होती. चार दिवसांपूर्वी सलाईन घेऊन घरी गेले आणि परत आले तेव्हा लघवी जवळपास बंद होती. विचारल्यावर म्हणाले, “पाणी पेलो का उलटी होते जी, म्हून पेलोच नाही.” जबडा दुखतो म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्याही आणून खाल्ल्या होत्या. बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला.

त्यांना दिलेलं औषध होतं सिस्प्लॅटिन. विदर्भात तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर इतके दिसतात की हे नाव अनेक घरांत पोहोचलं आहे. पण ते काय करतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

याचा शोध लागला तो अपघातानेच. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू लांबत गेले, पण त्यांचं विभाजन थांबलं. कारण वीज नव्हतं. विजेच्या पट्ट्यांतून सुटलेल्या प्लॅटिनमची संयुगं होती. १९७८ मध्ये तिथे या औषधाला मान्यता मिळाली.

पेशीच्या डीएनएला हे औषध चिकटून गाठी मारतं. मग पेशीला स्वतःची नक्कल करता येत नाही आणि ती मरते. किरणोपचारासोबत दिलं की कॅन्सरच्या पेशी किरणांना जास्त बळी पडतात. म्हणून शेक चालू असताना दर आठवड्याला किंवा तीन आठवड्यांनी ते देतात. मात्रा उंची आणि वजनावरून ठरते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाशी तुलना करू नका.

औषध शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः किडनीतून, आणि जाताना तिथल्या पेशींना इजा करतं. म्हणूनच आधी आणि नंतर सलाईनच्या बाटल्या चढवतात. त्या ‘ताकदीच्या’ नसतात, किडनी धुण्यासाठी असतात. घरी गेल्यावर हेच काम पिण्याच्या पाण्याने करायचं असतं. नागपूरच्या मे महिन्यात घामावाटेच इतकं पाणी जातं की नेहमीएवढं पिणं पुरत नाही.

म्हणून या गोष्टी लक्षात ठेवा.

प्रत्येक डोसआधी रक्ताच्या पेशी आणि क्रिएटिनिन तपासलेलं असलंच पाहिजे. ‘मागच्या वेळी बरोबर होतं’ हे चालत नाही.

हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल, तर दिवसाला अडीच ते तीन लिटर द्रव पोटात जाऊ द्या. तोंड सोललेलं असेल तर संत्र्याचा रस झोंबतो. पेज, वरणाचं पाणी, दूध घोटाघोटाने द्या. नाकातून नळी असेल तर पाणी नळीतून द्या. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस मात्र टाळा.

उलटी दुसऱ्या ते पाचव्या दिवशीही होते. उलटीच्या गोळ्या सांगितलेले सर्व दिवस घ्या. तरीही पाणी टिकत नसेल किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनंही किडनीला आणि कानाला जड जातात. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर केमो चालू असल्याचं आधी सांगा.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला, तर सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेततो. कानात आवाज येणं, कमी ऐकू येणं, हातापायांना मुंग्या येणं हेही लपवू नका. त्यावरून पुढचा डोस बदलता येतो.

घरच्यांसाठी: पहिले दोन दिवस रुग्णाची लघवी आणि उलटी साफ करताना हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी सोडा आणि माखलेले कपडे वेगळे धुवा. गरोदर बाईने हे काम करू नये. जवळ बसायला, एकत्र जेवायला काहीच हरकत नाही.

आमच्या रुग्णाची किडनी सलाईनवर दहा दिवसांत सावरली. कर्करोगतज्ज्ञांनी औषध बदललं, शेक पूर्ण झाला. पण त्यांच्या बायकोचं एक वाक्य माझ्या मनात राहिलं: “कार्डावर इंग्रजीत लिहून होतं, साहेब.” आम्ही सांगितलं होतं, पण त्यांना समजलं का, हे विचारायचं राहून गेलं होतं. आता सुट्टी देण्याआधी मी नातेवाइकांनाच सगळं परत सांगायला लावतो. तुम्हीही उठण्याआधी तीन प्रश्न विचारा: पाणी किती, कोणती गोळी नको, आणि रात्री त्रास झाला तर कुठे यायचं? उत्तर मराठीत लिहून घ्या.